रुसवीने साखर खाल्ली

पंचविसाव्या नळीचा बोळा उपसताना आत्याचा हात थांबला.

तिने बोळा उजेडात धरला. साधा कापसाचा बोळा, अंगठ्याएवढा, शुक्रवारी वाफेत शिजून पिवळट पडलेला. तिने तो उलटा करून पाहिला. कापसाची गुंडाळी डावीकडून उजवीकडे गेली होती आणि शेपूट आत खोचलेलं होतं.

हा बोळा तिच्या हातचा होता.

सव्विसावा उपसला, तोही तिचाच. सत्ताविसावा, अठ्ठाविसावा. या दुसऱ्या बादलीतल्या चोवीसच्या चोवीस नळ्यांचे बोळे तिचेच निघाले. आत्या ओल्या स्टुलावर मटकन बसली. या नळ्यांना तिचा हात लागणं शक्यच नव्हतं. तो लागू नये म्हणून तर चौकशी समितीने एवढा घाट घातला होता.

संस्था बुरशांवर संशोधन करणारी होती आणि आत्या तिथे एकतीस वर्षं माध्यमघर सांभाळत होती. माध्यम म्हणजे बुरशीचं जेवण. पाणी, क्षार, साखर आणि घट्ट व्हायला अगर शिजवून नळ्यांत ओतायची, कापसाचे बोळे बसवायचे, नळ्यांचा रॅक वाफेच्या पिंपात निर्जंतुक करायचा आणि थंड खोलीत ठेवायचा. अकरा वर्षांपूर्वी तिची भाची शिकायला तिच्याकडे राहायला आली, पुढे इथेच संशोधन करू लागली, आणि तिचं ऐकून अख्खी संस्था या बाईला आत्या म्हणू लागली.

भाची ज्या बुरशीवर काम करत होती तिचं टोपणनाव होतं रुसवी, कारण ती साखरेकडे ढुंकूनही बघत नसे. भाचीने हे आत्याला एकदा भांडी घासता घासता समजावलं होतं. साखर पेशीत शिरली की तिचे तुकडे होतात. ते तुकडे पेशीच्या चुलीत ढकलायला एक एन्झाइम लागतं. रुसवीच्या जनुकात बिघाड झाला आहे, तिच्याकडे ते एन्झाइमच नाही. चुलीचं पुढचं दार बंद. साखरेच्या ढिगावर बसवली तरी ती उपाशीच राहणार. पण अॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचं मीठ, दिलं की ते मागच्या दाराने सरळ चुलीत जातं आणि रुसवी सुखाने वाढते. साध्या धडधाकट बुरशीला सगळे खादाड म्हणत. ती दोन्ही खाते, साखर अधाशासारखी आणि अॅसिटेट नाइलाजाने.

रुसवी दहा वर्षांपूर्वी शोधली होती ताईने. ताई म्हणजे भाचीच्या प्रयोगशाळेतली वरिष्ठ संशोधक. रुसवी काही दिवसांनी तिसरीच वाट काढून साखर पचवायला शिकते, असं ताईने तेव्हा लिहिलं होतं आणि त्यावर तिला पदवी, नोकरी, मान सगळं मिळालं. निबंधावर विभागप्रमुख सरांचंही नाव होतं. भाचीने पाच वर्षं घासून निष्कर्ष काढला तो उलटा: तिसरी वाट नाही, रुसवी साखरेवर मरते.

प्रबंध सादर झाला आणि आठवड्यात निनावी पत्र आलं. माध्यमघरात आत्याच बसली आहे, भाचीसाठी ती नळ्यांत साखर घालतच नाही, मग बुरशी मरणार नाही तर काय होईल, असा मजकूर होता. समिती बसली. समितीने सांगितलं, प्रयोगाचं माध्यम दुसरा माणूस करेल, ते होत असेल तोवर आत्याने पिंपाच्या खोलीतही पाऊल ठेवायचं नाही. गेल्या मंगळवारी समितीसमोर भाचीने स्वतः अठ्ठेचाळीस नळ्यांत बुरशी पेरली. चोवीस साखरेच्या, चोवीस अॅसिटेटच्या, दोन्हींत निम्म्या रुसवीच्या आणि निम्म्या खादाडच्या. खोलीला कुलूप लागलं, किल्ली अध्यक्षबाईंच्या पर्समध्ये गेली.

शुक्रवारी कुलूप उघडलं तेव्हा सगळ्याच्या सगळ्या नळ्या उगवल्या होत्या. रुसवीने साखर खाल्ली होती.

त्याच दिवशी आणखी एक आघात झाला. भाचीने मंगळवारी दुपारी रुसवीची नेहमीची बदली केली होती. दर सात दिवसांनी बुरशी ताज्या नळीत हलवावी लागते, तशी तिने सहा नळ्यांत हलवली होती, चांगल्या अॅसिटेटच्या. त्या सहाही कोऱ्या राहिल्या. जिला साखर चालत नाही ती साखरेवर माजली आणि हक्काच्या जेवणावर मेली. सर म्हणाले, हिचा वाणच भेसळीचा आहे, सगळं वाफेत टाका. समितीच्या नळ्या गेल्या, जुना साठा गेला, आणि त्या सहा कोऱ्या नळ्या भाचीने स्वतःच्या हातांनी पिंपात टाकल्या. वाणांच्या बँकेतला सुका साठा वर्षापूर्वीच निकामी झाला होता. जगात रुसवी कुठेही उरली नव्हती.

आत्याची बदली भांडी धुण्याच्या खोलीत झाली. मंगळवारी सकाळी अकराला समिती अहवालावर सही करणार होती. भाचीचं नाव संस्थेतून कायमचं कापलं जाणार होतं, खोटारडी म्हणून.

आणि आज सोमवार होता.

भाची शुक्रवारपासून भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं होतं, मंगळवारच्या दुपारच्या गाडीत तिला बसवून दे, झालं तेवढं पुरे. बॅग भरून दाराशी उभी होती. पण आत्याचा जीव वेगळ्याच गोष्टीने घाबरा झाला होता. रविवारी पोरगी भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली होती, "आत्या, पाच वर्षं मीच खोटं पाहत होते का गं?" नाव गेलं तर माणूस दुसऱ्या गावात जाऊन जगतो. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला तर कुठे जाणार?

आत्याने दोन्ही बादल्यांतले बोळे वेगवेगळ्या पिशव्यांत भरले आणि ती फूटपट्टीला शोधायला निघाली.

फूटपट्टी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे तंत्रज्ञ. चहात साखरसुद्धा मोजून घालतील असे. समितीची माध्यमं त्यांनीच केली होती. हे नाव त्यांना माहीत होतं आणि त्यात त्यांना काही गैरही वाटत नसे.

"समितीच्या नळ्यांचे बोळे कोणी केले?" आत्याने दारातूनच विचारलं.

"मी. दुसरं कोण करणार?"

"सगळे?"

"अठ्ठेचाळीस. चार सेंटिमीटर लांब, वरून गॉजचं कापड, दोऱ्याने बांधलेले. तुमचे ते मोकळ्या कापसाचे बोळे मला चालत नाहीत, माहितेय तुम्हाला."

आत्याने पहिली पिशवी टेबलावर रिकामी केली. अॅसिटेटच्या बादलीतले चोवीस बोळे. गॉजचे, बांधलेले, एका मापाचे. फूटपट्टीने मान डोलावली. मग तिने दुसरी रिकामी केली.

फूटपट्टी पुढे वाकले. एक बोळा उचलून त्यांनी शेपूट बोटाने सोडवलं. वीस वर्षांपूर्वी वाफेने आत्याचा उजवा अंगठा भाजला होता, तेव्हापासून ती डाव्या हाताने कापूस वळते. अशी उलटी गुंडाळी संस्थेत दुसऱ्या कोणाची नव्हती.

"या साखरेच्या नळ्यांचे आहेत," आत्या म्हणाली.

"माझ्या नाहीत." फूटपट्टीचा आवाज खाली आला. "आत्या, हे कोणाला दाखवू नका. समिती काय म्हणेल कळतंय ना? म्हणतील, बाईने रॅक बदलला, आता पुरावा घेऊन आली. पहिल्या तुम्हीच अडकाल. पेन्शनला चार वर्षं राहिलीयेत तुमच्या."

तिला ते जिने चढतानाच कळलं होतं. पण भिंतीकडे तोंड केलेली ती पाठ डोळ्यांसमोरून हलेना.

"रॅकवर नाव कसं घातलं होतं तुम्ही?" तिने विचारलं.

"नेहमीसारखं. कागदाची चिठ्ठी वाफेत सुटते, म्हणून रॅकला पत्र्याचा बिल्ला अडकवला. एकावर साखर, एकावर अॅसिटेट. वाफ देऊन सोमवारी चार वाजता थंड खोलीत समितीच्या कप्प्यात ठेवले. मंगळवारी दहाला समितीने स्वतः बाहेर काढले."

"आणि शेजारच्या, रोजच्या कप्प्यात काय होतं?"

"तुमचाच रॅक असेल. अॅसिटेटचा."

होताच. शनिवारी तिने रुसवीसाठी चोवीस नळ्यांचा रॅक करून तिथे ठेवला होता. त्यावरून तिला मंगळवारचं आठवलं आणि पुन्हा थोडी चीड आली. त्या दिवशी समितीची पेरणी चालू होती, तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि बारा वाजता ताई माध्यमघरात आली. रोजच्या कप्प्यातल्या नळ्या सुकल्यात, मला डझनभर नव्या करून द्या म्हणाली. शनिवारच्या नळ्या मंगळवारी सुकायला काय उन्हात ठेवल्या होत्या? पण ताईशी कोण वाद घालणार. ती बिचारी भाचीसाठी रोज डबा आणत होती. आत्याने मुकाट्याने नळ्या करून दिल्या होत्या.

"थंड खोलीत चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "सही तुम्ही करा. बदली झाल्यापासून मला आत जायची बंदी आहे, मी दारातून बघते."

फूटपट्टीने रोजच्या कप्प्यातला रॅक दाराशी आणला. अॅसिटेटचा बिल्ला. अठरा नळ्या, सहा जागा रिकाम्या. अठराही नळ्यांवर गॉजचे बोळे होते, दोऱ्याने बांधलेले.

"हे माझे," फूटपट्टी पुटपुटले.

"हात लावू नका. कप्प्याला तुमचं कुलूप घाला आणि किल्ली जवळ ठेवा."

किल्लीवाल्या काकांकडून तिने नोंदवही मागून घेतली. थंड खोलीत सही केल्याशिवाय कोणाला जाता येत नसे. गेल्या सोमवारी चारपासून मंगळवारी दहापर्यंत चारच सह्या होत्या. सोमवारी चारला फूटपट्टी, साडेचारला भाची, पाचला सर. सहाला संस्था बंद. मंगळवारी सव्वानऊला ताई.

"सर कशाला गेले होते?" आत्याने विचारलं.

काका म्हणाले, पाहुण्यांना खोली दाखवायला. दोन मिनिटांत बाहेर आले, फार गारठा आहे म्हणून कुरकुरत होते. ताई? ती तिचं काहीतरी ठेवायला गेली होती, हातात पिशवी होती. भाची तिची बुरशी आणायला गेली होती, बीजाणू मिसळून पेरणीचं पाणी करायला.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ताई नुकतीच डबा ठेवून गेली होती, झाकणही उघडलेलं नव्हतं. उशीशी एक कागद होता. ताईने लिहून आणलेला माफीनामा, खाली सहीपुरती जागा. आत्याने वाचला. वाण हाताळताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, मी प्रबंध मागे घेते.

"ताई म्हणाली, सही केली की सगळं शांतपणे मिटेल," भाची म्हणाली. "ती समितीशी बोलणार आहे माझ्यासाठी."

"केलीस?"

"करणार आहे."

आत्या पलंगाच्या कडेला बसली. "ठमे, उठून बस. मला तीन गोष्टी सांग, मग काय करायचं ते कर. शुक्रवारी साखरेवरची खादाड कशी दिसत होती?"

भाची उठली नाही, पण मान वळली. "विरळ होती. मी सरांना म्हणाले पण. साखरेवर खादाड बोळ्यापर्यंत येते, ही अर्ध्यावर थांबली होती. सर म्हणाले, विषय बदलू नकोस."

"तू सहा नळ्या कुठून घेतल्यास? रुसवी हलवलीस त्या?"

"रोजच्या कप्प्यातून. तुझ्याच रॅकमधून."

"बोळे कसे होते त्यांचे?"

"बोळे?" भाचीने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "बोळे बोळ्यांसारखे असतात, आत्या. उपसायचे आणि बाजूला ठेवायचे. कोण बघतं?"

आत्या कितीतरी दिवसांनी हसली, पण ते हसू नव्हतं. एकतीस वर्षं बोटं झिजवून वळलेले बोळे, आणि घरातल्या पोरीनेही कधी बघितले नव्हते. तिने माफीनाम्याची घडी घालून ती कमरेला खोचली. सही उद्या बारानंतर, म्हणाली.

मंगळवारी सकाळी अकराला आत्या धुण्याच्या खोलीतला रबरी एप्रन घालूनच समितीच्या खोलीत शिरली. मागून फूटपट्टी, हातात कुलूपबंद पेटी. खोलीत अध्यक्षबाई, दोन सदस्य, सर आणि ताई बसले होते. अहवाल टेबलावर होता आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं.

सर म्हणाले, ही वेळ नाही. अध्यक्षबाईंनी हात वर केला. त्यांनी आयुष्यभर बुरशांवरच काम केलं होतं. पाच मिनिटं देते, म्हणाल्या.

आत्याने बोळे मांडले. कोणते कोणाचे ते सांगितलं. अध्यक्षबाईंनी भिंगातून पाहिले, फूटपट्टीला दोन प्रश्न विचारले, आणि चष्मा काढला.

"म्हणजे साखरेच्या म्हणून पेरलेल्या नळ्या तुम्ही बनवलेल्या होत्या."

"हो. त्या शनिवारी केलेल्या अॅसिटेटच्या होत्या. रुसवीने साखर खाल्लीच नाही, बाई. तिला अॅसिटेटच मिळालं आणि ती वाढली. खादाडपण म्हणूनच विरळ आली. आणि साखरेचा खरा रॅक कुठे गेला, तर माझ्या जागी, रोजच्या कप्प्यात, अॅसिटेटचा बिल्ला लावून. माझ्या भाचीने त्याच दुपारी त्यातल्या सहा नळ्यांत रुसवी हलवली. ती मेली. सगळे म्हणाले, दोन उलट्या गोष्टी झाल्या. दोन नाही, एकच झाली. कोणीतरी दोन रॅकचे बिल्ले काढून एकमेकांना अडकवले आणि रॅकच्या जागाही बदलल्या."

"सिद्ध करा," सर म्हणाले.

साखर तपासायचं निळं द्रावण खोलीतच मागवलं गेलं. अध्यक्षबाईंनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बादलीतल्या साखरेच्या एका नळीत उरलेलं माध्यम त्यांनी तापवलं. निळंच राहिलं. सर म्हणाले, साखर बुरशीने खाल्ली असेल. म्हणूनच मी दुसरी आणलीये, आत्या म्हणाली. फूटपट्टीने पेटीचं कुलूप काढलं. अॅसिटेटच्या बिल्ल्याची, कोणी न पेरलेली, गॉजच्या बोळ्याची नळी. अध्यक्षबाईंनी ती द्रावणात घालून उकळत्या पाण्यात धरली.

निळं हिरवट झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटकरी झालं. नळीत साखर होती.

अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, "हे तुम्हीच केलं नाही कशावरून?"

हा प्रश्न आत्या रात्रभर उशाशी घेऊन झोपली होती.

"मला भाचीला वाचवायचं असतं तर मी रुसवीला उपाशी मारायला रॅक बदलला असता, जेवायला घालायला नाही. आणि सह्या चारच आहेत, माझी नाही. फूटपट्टींची आहे. पण त्यांनी किंवा मी बिल्ले बदलले असते तर आधी बोळे बदलले असते. आम्हाला बोळा माणसाच्या तोंडासारखा ओळखू येतो. ज्याने हे केलं त्याला दोन्ही रॅक सारखेच दिसले. म्हणजे तो नळ्या वापरणारा आहे, बनवणारा नाही."

"राहिले तिघं."

"भाची स्वतःच्या पायावर धोंडा पाडेल, पण रुसवी मारणार नाही. आणि तिला ठाऊक असतं तर तिने त्या रॅकमधून नळ्या घेतल्या नसत्या. सर पाहुण्यांबरोबर होते." आत्याला पुढचं बोलायला जड जात होतं. "जो बिल्ले बदलेल त्याला एक गोष्ट ठाऊक असणार, की रोजच्या कप्प्यातलं अॅसिटेट आता अॅसिटेट नाही. त्याला स्वतःची रुसवी जगवायची असेल तर तो त्या रॅकला हात लावणार नाही. मंगळवारी बारा वाजता, पेरणी सुरू झाल्यावर दोन तासांत, एक जण माझ्याकडे आली. कप्प्यातल्या नळ्या सुकल्यात, नव्या द्या म्हणाली. तीन दिवसांपूर्वीच्या नळ्या. मी काल तो रॅक पाहिला, एकही नळी सुकलेली नाही."

ती ताईकडे वळली. "ताई, तुम्ही असं का केलंत?"

ताईने नाकारलं नाही. तिने दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत बोलू लागली. दहा वर्षांपूर्वी रुसवी तिच्या साखरेच्या नळीत वाढली होती हे खरंच होतं. चूक तिला गेल्या वर्षी कळली. जुन्या नळीतून बुरशी हलवताना ती अगरचा मोठा तुकडा बरोबर उचलायची, त्यात अॅसिटेट असायचं, आणि रुसवी त्या शिदोरीवर जगायची. भाचीचे आकडे बघून तिने गुपचूप प्रयोग पुन्हा केला. नुसते बीजाणू पेरले. रुसवी मेली.

"तेव्हाच सांगायला हवं होतं," ताई म्हणाली. "रोज ठरवायचे. पत्र लिहिलं तेव्हा वाटलं, चौकशी वर्षभर रेंगाळेल, तेवढ्यात काहीतरी मार्ग निघेल. तुम्ही सरळ प्रयोगच लावलात. मग दुसरं काही सुचेना."

"आणि ती पोरगी?" आत्याने विचारलं. "चार दिवस भिंतीकडे बघत पडलीये. तुम्ही तिच्या उशाशी बसून तिला माफीनामा लिहून दिलात."

सरांनी आपलं नाव असलेल्या त्या जुन्या निबंधाबद्दल काहीतरी सुरू केलं आणि अर्ध्यावरच थांबले. अध्यक्षबाईंनी अहवाल मधोमध फाडला.

पण त्यांचा चेहरा उजळला नव्हता. आरोप आजच मागे घेते, म्हणाल्या. प्रबंधाचं मात्र अवघड आहे. प्रयोग पुन्हा करून दाखवल्याशिवाय पदवी देता येणार नाही, आणि वाण तर सगळा वाफेत गेला. नसलेल्या बुरशीवर काय दाखवणार? एवढं करून पोरीच्या हाती राखच यायची होती.

"आहे," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आत्यांनी दिलेल्या बारा नळ्या. त्यांत मी रुसवी हलवली होती, माझ्या कपाटात आहेत. काल वाफेत टाकायला काढल्या होत्या, म्हणजे कुठे खूण राहिली नसती. पिंपापर्यंत नेल्या आणि परत आणल्या." तिचा आवाज फाटला. "चौदा हजार नळ्यांतून मी ती एक शोधली होती. मला मारवली नाही. आज सातवा दिवस आहे. आजच हलवायला हवी."

त्यानंतर घाई झाली. अध्यक्षबाईंनी माध्यमघराची किल्ली आत्याच्या हातात दिली आणि ताईला कपाटाला हात न लावता किल्ली तेवढी द्यायला सांगितलं. आत्याने पाणी चढवलं, अॅसिटेट मोजलं, आणि फूटपट्टीला घरी पिटाळलं. गाडी दोनची होती.

भाची आली ती बॅग खांद्याला लावूनच. फूटपट्टीने तिला वाटेत सगळं मोजून-मापून सांगितलं होतं. तिने हात धुतले, बारापैकी एक नळी उचलली आणि उजेडात धरली. आत गुलाबी, दाट, जिवंत रुसवी होती. भाची तिच्याकडे किती वेळ बघत राहिली कोण जाणे. मग ज्योतीपाशी बसून तिने एकेक नळी हलवायला घेतली.

शेवटची नळी झाली तेव्हा तिने वाणांची वही ओढली. संस्थेत कुठलाही वाण नव्या हाती आला की तो कोणाकडून आला ते वहीत लिहावं लागतं, त्याशिवाय तो अधिकृत धरत नाहीत. तारीख लिहिली. वाण लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

आत्या गॅस बंद करायचं विसरून बघत होती. पोरीने तो रकाना कोरा सोडला असता तरी तिने काही म्हटलं नसतं.

भाचीने ताईचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, पुढे डॉक्टर लावून.

"पदवीसकट?" आत्याने विचारलं. पदवी तर आता राहते की जाते, कोणालाच ठाऊक नव्हतं.

"रुसवी तिनेच शोधली, आत्या," भाची म्हणाली. "ते तर मी माझ्या डोळ्यांनी बघतेय."